इंटरनेट ठीक होतं

माझ्या मुलीला सगळ्यात जास्त त्रास स्वतःचं नाव सांगायला होतो. बाकीचे शब्द ती बदलू शकते. ‘पाणी दे’मधला ‘पाणी’ अडला, तर ‘तहान लागलीय’ म्हणून मोकळी होते, आणि समोरच्याला मधे काही घडलं हे कळतही नाही. लहानपणापासून तिने हे इतकं सराईतपणे केलंय की ती अडखळते हे कॉलेजातल्या काही मैत्रिणींना शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, मुलगी जरा कमी बोलते. पण नावाला दुसरा शब्द नसतो, आणि कुठलीही मुलाखत नावापासूनच सुरू होते.

आम्ही मुलुंडला राहतो, एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. मी घाटकोपरच्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. मुलीचे बाबा भांडुपच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतात. ते मूळचे कुडाळकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण राग आला किंवा काळजी वाटली की मालवणीवर येतात. घरात आम्ही तिघंच.

मुलीने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर प्रोजेक्ट केला. कचऱ्याच्या डोंगरातून झिरपत जे काळं पाणी खाली उतरतं, ते जातं कुठे, हा तिचा विषय. त्या काळात ती घरी आली की आधी बाथरूममध्ये जायची आणि कपडे थेट बादलीत टाकायची. बाबा म्हणायचे, “एवढं शिकवलं ते कचरा उपसायला?” पण रात्री जेवताना तिच्याकडून सगळं ऐकूनही घ्यायचे. त्या प्रोजेक्टनंतर तिने ठरवलं की पुढे हेच शिकायचं आणि बाहेर जाऊन शिकायचं. दोन देशांतल्या दोन विद्यापीठांत तिने अर्ज केले. दोन्हीकडे स्कॉलरशिप होती, म्हणूनच ते अर्ज आमच्या आवाक्यातले होते. आणि दोन्हीकडे परदेशी विद्यार्थ्यांची मुलाखत घेऊनच निवड व्हायची, घरबसल्या, लॅपटॉपवर.

अर्ज भरताना एके ठिकाणी विचारलं होतं की मुलाखतीसाठी तुम्हाला काही विशेष सोय लागेल का. ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तो प्रश्न आम्हाला वाचून दाखवला.

“काही लिहू नकोस,” बाबा म्हणाले. “आधी सिलेक्ट तर होऊ दे.”

“पण मुलाखतीत त्यांना कळणारच ना?”

“तेव्हाचं तेव्हा बघू. आपणहून कशाला सांगायचं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर. तिने ती जागा रिकामी सोडली. आमच्या घरात ‘तोतरी’ हा शब्द कधी उच्चारला गेला नव्हता. शाळेत पोरांनी उच्चारला होता, तेव्हापासून घरात तो वर्ज्य होता. आम्ही त्याला ‘तिचं ते’ म्हणायचो. ‘तिचं ते आज जरा जास्त आहे.’ आता वाटतं, तिने त्या रिकाम्या जागेत लिहायचं ठरवलं असतं, तरी मराठीत कुठला शब्द धरून सुरुवात करायची हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं.

पहिल्या विद्यापीठाची मेल नोव्हेंबरात आली. मुलाखत ठरली होती आणि हातात दोन आठवडे होते. ती आनंदाने आम्हाला सांगायला आली, आणि सांगता सांगताच तिचा चेहरा बदलला. दुसऱ्या दिवसापासून तिचं सकाळचं खाणं बंद झालं. पोह्यांची बशी समोर ठेवली की दोन घास घ्यायची आणि बशी सरकवायची. खुर्ची कुठे ठेवायची, मागे भिंत दिसेल की कपाट, उजेड कुठून येईल, यातच तिचे दिवस जायला लागले. पलंग एकदा या भिंतीला, एकदा त्या भिंतीला. पलंग सरकवणं तिच्या हातात होतं. बाकी काहीच नव्हतं.

कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही अंधेरीला एका कन्सल्टंटकडे गेलो. परदेशी जाणाऱ्या मुलांची तो आधी खोटी मुलाखत घ्यायचा, सराव म्हणून. काचेची केबिन होती. मी बाहेर सोफ्यावर बसले. काचेतून मला मुलीची पाठ दिसत होती आणि त्याचा चेहरा. टाय लावलेला, हसरा, पोरगेलासाच माणूस. तो मान डोलावत होता, हात हलवत होता आणि बराच वेळ तोच बोलत होता. मुलीच्या मानेवरून मला कळत होतं की ती कधी अडतेय. अडली की तिची मान किंचित डावीकडे जाते.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “मॅडम, शी इज ब्रिलियंट. फक्त फ्लुएन्सीवर काम करायला हवं. रोज आरशासमोर बोलायचं. कॉन्फिडन्स आला ना, की सगळं आपोआप येतं.”

ती माझ्या शेजारीच उभी होती. तो तिच्याकडे न बघता हे सांगत होता.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, “त्याने माझं एकूण एक वाक्य पूर्ण केलं, आई. मी अडले की तोच पुढचा शब्द म्हणायचा. तोसुद्धा चुकीचा. शेवटी मी नादच सोडला. माझी म्हणून ज्या उत्तरांना त्याने मार्क दिले, ती त्याचीच होती.”

“मग परत नको जाऊ या.”

“नाहीच जायचं.”

त्यानंतर सराव बाबांनी घेतला. त्यांनी कारखान्यातल्या एका तरुण इंजिनिअरकडून प्रश्न लिहून आणले होते. संध्याकाळी चहा झाला की चष्मा लावून, कागद लांब धरून ते विचारायचे, “टेल मी अबाउट युवरसेल्फ.” हा ‘युवरसेल्फ’ ते इतक्या करड्या आवाजात म्हणायचे की पहिल्या दिवशी ती हसायलाच लागली. पण मग बोलायची. बाबा मधे बोलायचे नाहीत. त्यांना इंग्रजी शब्द सुचायचे नाहीत, हेही एक कारण असेल. ती अडली की ते कागदाकडे बघत बसायचे. मी भाजी निवडत ऐकायचे, आणि ती अडली की माझा हात थांबायचा. ती पुढे गेली की हातही पुढे जायचा.

तिला नाव म्हणता यायचं नाही. रोज बाबा विचारायचे, रोज ती तिथेच अडायची. त्यातच ‘देवनार’. विषयच देवनारचा, तर तो शब्द टाळणार कसा? एकदा म्हणाली, “मी मुंबईचं एक डम्पिंग ग्राउंड एवढंच म्हटलं तर?” मग स्वतःच म्हणाली, “‘द’ गेला तरी ‘ड’ आलाच.”

मुलाखत संध्याकाळी सातची होती. त्यांच्याकडे तेव्हा दुपार. त्या दिवशी मी शाळेतून लवकर निघाले. घरी आले तर बाबाही आलेले, आणि दाराची बेल खोलून तिच्या वायरी टेपने गुंडाळत बसलेले.

“कुणी आलं तर?” मी विचारलं.

“कोण येईल तो दार वाजवेल. दार मी बाहेरूनच सांभाळतो.”

आमच्या लिफ्टला एक बाई आहे. म्हणजे तिचा आवाज आहे. दार उघडं राहिलं की ती हिंदीत दार लावायला सांगत राहते, ते कुणी लावेपर्यंत. तो आवाज आमच्या बेडरूमपर्यंत येतो. बाबांनी आधीच ठरवलं होतं की ते जिन्यापाशी उभे राहणार आणि लिफ्टचं दार उघडं राहू देणार नाहीत. शिवाय त्यांना खोकला होता, त्यामुळे घरात थांबायचं नाही हे त्यांनीच काढलं. वॉचमनलाही सांगून आले होते की पाण्याचा पंप आत्ता लावू नको. मी कुकर लावला नाही, एक्झॉस्ट बंद केला, नळाखाली फडकं ठेवलं. थेंब पडला तरी आवाज नको.

साडेसहाला ती तयार होऊन बसली. निळा कुर्ता, केस मागे बांधलेले. दारातून मी विचारलं, “पाणी ठेवू?”

“ठेवलंय.”

“काही खाऊन घेतेस?”

“आई.”

मी दार लोटलं. बाबा चपला घालून दाराशी थांबले होते. तिथूनच त्यांनी बंद दाराकडे बघून म्हटलं, “घाबरू नको गो. काय नाय होवचा.” आणि गेले.

मी बेडरूमच्या दाराबाहेर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. तिने कानाला काही लावलं नव्हतं. हेडफोन लावले की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो आणि जास्त अडतं, असं ती म्हणते. त्यामुळे मला लॅपटॉपचा आवाज ऐकू येणार होता. ऐकावं की नाही हे मी ठरवलं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन बसता आलं असतं. पण उठले असते तर स्टूल वाजलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि बसून राहिले.

सात वाजले. काहीच ऐकू येईना. सात वाजून गेले. मग आतून तिचा आवाज, अगदी हळू, “आई, आहेस का?”

मी दार किंचित उघडलं. स्क्रीनवर एक पांढरी पाटी होती, ‘थोडं थांबा, तुम्हाला लवकरच आत घेतलं जाईल’ अशा अर्थाची. खाली एक गोल फिरत होता.

“कधीपासून हेच आहे. मी चुकीच्या लिंकवर तर नाही ना?”

“मेल परत बघ.”

“बघितली. हीच आहे.”

“मग त्यांना उशीर झाला असेल.”

“की मी वेळ चुकीची काढली? तिकडचं घड्याळ बदलतं ना थंडीत.”

आम्ही दोघींनी बोटांवर तास मोजले. बरोबर होतं. परत मोजले. मी तिचा हात धरला, तर म्हणाली, “सोड, कॅमेरा एकदम चालू झाला तर?” मी सोडला, बाहेर आले आणि पुन्हा स्टुलावर बसले. तो गोल आत फिरतोय हे मला बाहेर बसूनही दिसत होतं. माणसाला ऑफिसाबाहेर खुर्चीवर बसवून ठेवलं तर निदान आत कुणीतरी आहे, दाराखालून उजेड दिसतोय, शिपाई ये-जा करतोय असं असतं. इथे तेही नाही. तिकडे कुणी आहे की नाही, हेच कळायला मार्ग नव्हता. शाळेत आमच्या खिडकीसमोर पालक रांगेत बसलेले असतात आणि आम्ही आत चहा पीत असतो, तसंच असेल, असं मी मनाला समजावलं. त्याने काही बरं वाटलं नाही.

मग एकदम माणसांचे आवाज. एक बाई आणि एक पुरुष, दोघंही हसून माफी मागत होते, आधीची मुलाखत लांबली म्हणून. बाईंनी आपलं नाव सांगितलं, पुरुषाने आपलं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, तुम्ही तुमच्याबद्दल सांगून सुरुवात कराल का.

आत शांतता.

मला ती शांतता ओळखीची होती. त्यात श्वास अडकल्याचा एक बारीक आवाज असतो, तो तिच्या अगदी जवळ बसलेल्यालाच कळतो. पण दाराबाहेर तो येत नव्हता. नुसतीच शांतता होती आणि ती वाढत होती.

“हॅलो?” बाई म्हणाल्या. “तुम्हाला आमचा आवाज येतोय का?”

शांतता.

“बहुतेक फ्रीझ झालीय,” पुरुष म्हणाला. “चित्र हलत नाहीये.”

“हो ना. भारतातून कधीकधी असं होतं. व्हिडिओ बंद करून बघायला सांगू या?”

मी मान वर करून राउटरकडे पाहिलं. तो आमच्या दरवाजावरच्या फळीवर आहे. त्याचे सगळे दिवे हिरवे होते. शांतपणे, नेहमीसारखे लुकलुकत होते. इंटरनेट ठीक होतं. नेट गेलं असतं तर मी काही करू शकले असते. बाबांना हाक मारली असती, मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं असतं, काहीतरी. यात करण्यासारखं काही नव्हतं. माझा हात दाराच्या मुठीवर गेला होता. आत जाऊन मी काय केलं असतं, तिचं नाव सांगितलं असतं? बावीस वर्षांच्या मुलीचं?

“आपण कॉल बंद करून परत लावू या,” पुरुष म्हणाला. “नाहीतर वेळ जाईल.”

आणि तेव्हा तिचा आवाज आला. मोठा आला, तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठा.

“नो. आय ॲम नॉट फ्रोझन.” मग थोडं थांबून, “आय... आय स्टॅ...” मी डोळे मिटले. तो शब्द बाहेर यायला खूप वेळ लागला. “आय स्टॅमर. प्लीज वेट.”

पलीकडून बाई म्हणाल्या, “ऑफ कोर्स. सॉरी. वी विल वेट.”

आणि तिने नाव सांगितलं. सावकाश, अडत, पण पुरं. ते नाव आम्ही तिच्या जन्मानंतर बाराव्या दिवशी ठेवलं होतं. ती सोपं करून सांगणार नव्हती, टोपणनाव सांगणार नव्हती. अख्खं सांगितलं, आडनावासकट.

पुढचं मी नीट ऐकलं नाही. ऐकू येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. देवनार आलं, दोनदा अडलं, बाहेर पडलं. काळं पाणी आलं, खाडी आली. तो पुरुष एकदा हसला, आणि ते बरं हसणं होतं की दुसरं काही, हे मला कळलं नाही. घरात मी तिला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती अडत होती आणि तरी बोलत होती. शब्द बदलत नव्हती, जो अडला त्याच्यापाशीच थांबत होती. तिची इंग्रजी मला परक्या मुलीची वाटत होती.

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा कुर्ता पाठीला चिकटला होता.

“चहा दे.”

“कसं झालं?”

“झालं.”

मी चहा ठेवला. बाबा आले, दारातच उभे राहिले. “इतका वेळ? मी तर कुणाला लिफ्टच वापरू दिली नाही. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्याने गेले शेवटी.”

तिने त्यांना सगळं सांगितलं. चहाचा कप दोन्ही हातांत धरून, जे घडलं ते तसंच. ‘तोतरी’ हा शब्द मात्र वापरला नाही, इंग्रजीच वापरला. बाबांनी ऐकता ऐकता बेल परत लावायला घेतली आणि स्क्रू फिरवता फिरवता म्हणाले, “सांगायला नको होतं.”

“बाबा, त्यांना वाटत होतं नेट गेलंय.”

“वाटू द्यायचं होतं.”

ती उठून आत गेली. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते माझ्याकडे बघेनात.

त्यानंतरचं थांबणं मुलाखतीपेक्षा वाईट होतं. मुलाखत निदान संपते. निकाल कधी, हे मेलमध्ये ‘येत्या काही आठवड्यांत’ असं लिहिलं होतं, आणि त्याचा अर्थ आम्ही तिघं तीन प्रकारे लावत होतो. ती तर सकाळी डोळे उघडायच्या आधी उशाखालून फोन काढायची. मी शाळेत असताना, कुणा पालकाला दाखला देता देता, मधेच तिचा मेसेज आलाय का बघायचे. बाबा काही विचारायचे नाहीत, पण संध्याकाळी घरात शिरताना आधी तिचा चेहरा बघायचे आणि मग हेल्मेट काढायचे. एका लग्नात तिच्या काकूने सगळ्यांसमोर विचारलं, “काय गं, झालं का तुझं फॉरेनचं?” ती हसली, ‘बघू’ म्हणाली आणि पुढच्या पंगतीत जेवलीच नाही. पोटात दुखतंय म्हणाली.

नकार आला तो डिसेंबरात, एका रविवारी सकाळी. दोन परिच्छेद होते. अर्ज करणारे सगळेच चांगले होते, जागा कमी होत्या, शुभेच्छा. कारण दिलं नव्हतं. ती मेल तिने आम्हाला दाखवली आणि गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालायला लागली.

“मी म्हटलं होतं,” बाबा म्हणाले. माझ्याकडे बघून, पण तिला ऐकू जाईल असं. “सांगूचा नाय, म्हटलं होतं.”

ती दोरीवरचा टॉवेल तसाच सोडून आत आली. “मी सांगितलं नसतं, तर माझं इंटरनेट खराब आहे म्हणून नकार दिला असता. मग चाललं असतं तुला?”

“चाललं असतं. नेट बदलता येतं.”

हे बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. ती परत गॅलरीत गेली आणि उरलेले कपडे एकेक करून झटकून वाळत घातले. बाबा सोफ्यावर बसून राहिले. दुपारी जेवताना त्यांनी माशाची तिची आवडती तुकडी काढून तिच्या ताटात ठेवली. तिने खाल्ली. त्या दिवशी यापलीकडे दोघांत काही झालं नाही.

नकार कशामुळे आला हे आम्हाला आजही माहीत नाही. कदाचित अडखळण्यामुळे असेल. कदाचित तिच्याहून चांगला कुणी मिळाला असेल. मी बराच काळ दोन्ही बाजूंनी विचार केला आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर आलं. शेवटी विचार करायचा थांबले, कारण मुलगी तो विचार करत नव्हती.

दुसऱ्या विद्यापीठाची मुलाखत जानेवारीत ठरली. हे आम्हाला तिने जेवताना सांगितलं. आणि पुढे सांगितलं की मुलाखत घेणाऱ्यांना तिने आधीच मेल करून कळवलंय. मी अडखळते, मला बोलायला जास्त वेळ लागतो, मधे शांतता झाली तर कॉल बंद करू नका.

बाबांचा घास हातातच राहिला. “पाठवलंस पण?”

“पाठवलं. उत्तरही आलं. म्हणाले, वेळ वाढवून ठेवतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

बाबांनी घास घेतला, चावला, गिळला. “बरं,” म्हणाले.

ही मुलाखत दुपारची होती. शाळेत त्या दिवशी वार्षिक खेळ होते, रजा मिळण्यासारखी नव्हती. बाबांच्या कारखान्यात मशीन बंद पडलेलं. मी म्हटलं, “मी दोन तास सुटून येते.” ती म्हणाली, “नको गं. तू बाहेर बसलीस की मला तुझा श्वास ऐकू येतो.”

मला ते लागलं. पण खरं असावं.

त्या दुपारी मी ऑफिसात बसून मैदानावरच्या शिट्ट्या ऐकत होते. मोठ्या बाईंनी एका मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला करायला दिला होता, त्यात मी मुलाच्या नावाच्या जागी वडिलांचं नाव लिहिलं. फाडला, दुसरा घेतला. आपली बेल बाबांनी काढून ठेवली होती का, हे मला आठवेना. लिफ्ट कोण बघतंय? पंप? मी फोन उचलला आणि खाली ठेवला. आता सुरू झाली असेल. आता नाव विचारलं असेल. घरात असते तर निदान ऐकलं असतं; इथे मी तिच्या सगळ्या संभाव्य शांतता एकटीने करून बघत होते. बाहेर कुठलीतरी शर्यत संपली आणि पोरं ओरडली, तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले होते.

मेसेज आला, ‘झालं.’ थोड्या वेळाने अजून एक, ‘लिफ्टवाली बाई मधेच बोलली. त्यांना वाटलं घरात कुणीतरी आहे. हसले.’

मग पुन्हा थांबणं सुरू झालं. या वेळी ती आमच्यापेक्षा शांत होती. सकाळी उठून टेकडीकडे चालायला जायला लागली. एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची तात्पुरती नोकरी धरली. तिथे फोन घेणं दुसऱ्याकडे होतं, म्हणून तिला बरं वाटायचं. मी मात्र रोज तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधायचे. मार्च उजाडला, शाळेत प्रवेशाचे दिवस सुरू झाले, आमच्या खिडकीसमोर रांग लागली.

अशाच एका सकाळी माझा फोन वाजला. स्क्रीनवर तिचं नाव. ती फोन करत नाही. मेसेज करते, नेहमी मेसेजच. फोनवर बोलणं तिला सगळ्यात अवघड जातं. म्हणजे काहीतरी झालंय, एवढंच माझ्या मनात आलं. खिडकीसमोरच्या बाईंना ‘एक मिनिट’ म्हणून मी मागच्या सामानाच्या खोलीत गेले, जिथे जुने नकाशे आणि मोडकी बाकं ठेवलेली असतात.

“आई,” ती म्हणाली. आणि मग काही नाही.

“बोल.”

काही नाही. पण या वेळी फोन कानाला होता, तो बारीक श्वास मला ऐकू येत होता. ‘म’वर अडली होती. ओठ मिटलेले, मागे शब्द तुंबलेला. माझ्या तोंडाशी प्रश्न आले, मिळालं का, नाही का, बाबांना काही झालंय का, कुठे आहेस तू. मी एकही विचारला नाही. गुंडाळून ठेवलेला एक नकाशा भिंतीला टेकवला होता, त्याची दोरी मी बोटाला गुंडाळत राहिले. बाहेर कुठलंतरी मूल बाकड्यावर आपटलं असावं, ते रडायला लागलं. मी थांबले.

“मि... मिळालं,” ती म्हणाली.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, “अगं, ‘घेतलं मला’ म्हणायचंस ना, किती वेळ अडकलीस.” ती म्हणाली, “सुचलं होतं. पण मला ‘मिळालं’च म्हणायचं होतं.”

बाबा त्या दिवशी उशिरा आले. मी दारातच सांगितलं. ते हेल्मेट हातात धरून उभे राहिले. मग तिला म्हणाले, “वाचून दाखव ना. पत्र.”

“इंग्रजीत आहे.”

“असू दे.”

तिने पूर्ण मेल मोठ्याने वाचली. बऱ्याच ठिकाणी अडली. बाबा चपला न काढता उभे होते. संपल्यावर म्हणाले, “परत वाच ती शेवटची ओळ.” तिने वाचली.

ती जाऊन आता काही महिने झाले. पहिल्या आठवड्यात माझ्या मनात थंडी, जेवण, एकटेपणा, कॉलेजला जायचा रस्ता असं सगळंच फिरत होतं. आता त्यातलं निम्मं उरलंय. गेल्या आठवड्यात तिच्या वर्गाला गावाबाहेरच्या एका जुन्या डम्पिंग ग्राउंडवर नेलं होतं. तिने फोटो पाठवला. हिरवंगार टेकाड, आणि त्यावर मेंढ्या चरताहेत.

बाबांनी फोटो मोठा करून बघितला, बाजूला धरून बघितला, मग चष्मा लावून बघितला. “ह्येच्या खाली कचरो?”

“हो म्हणे. वर माती घालून गवत लावलंय.”

“आणि मेंढरां चरतत.” त्यांना पटत नव्हतं. फोटो त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतला, कारखान्यात दाखवायला. मग फोन माझ्याकडे परत देत म्हणाले, “वास येतो का विचार तिला.”

मी विचारलं. तिकडे तेव्हा ती वर्गात असणार. बाबा टीव्ही लावून बसले, मी डाळ फोडणीला टाकली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘थोडा येतो. वारा कुठला आहे त्यावर.’